अर्ध्या कोयत्याचा हिशेब

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेल्या लोकांची मोजदाद माणशी होत नाही, कोयत्यानं होते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम पावसाळ्यात उचल देतो ती कोयत्यामागे, आणि टोळी केवढी हे सांगायचं तरी 'वीस कोयत्यांची टोळी' असंच सांगतात. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं पाचट सारून मोळ्या बांधायच्या, दोघांनी त्या डोक्यावरून वाहून गाडी भरायची. एकटं माणूस अर्धा कोयता. नवरा गेलेल्या किंवा नवऱ्यानं टाकलेल्या बाईला मुकादम उचल द्यायला सहसा तयार होत नाही; तिला भाऊ, दीर, नाहीतर आठवी-नववीतला मुलगा जोडीला दाखवावा लागतो. मुलगा फडात गेला की त्याची शाळा सुटते. नवरा ऐन हंगामात गेला, तर त्यानं घेतलेल्या उचलीची 'बाकी' मात्र तिच्या नावावर चालत येते आणि ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा फडातच जावं लागतं.

ऊसतोड हे ठळक उदाहरण झालं. पण गावातले कितीतरी व्यवहार अशीच जोडी गृहीत धरून चालतात, आणि त्या जोडीतलं नाव पुरुषाचं असतं. सातबारा त्याच्या नावावर, पीककर्ज सातबाऱ्यावर, कृषी केंद्रातली बियाणा-खताची उधारी त्याच्या ओळखीवर, पेरणीला शेजाऱ्याचं औत मिळायचं ते त्याच्या शब्दावर. माणूस गेला की हे सगळे धागे एकदम तुटतात. मागे राहिलेल्या बाईला शेतीतलं काम येत नाही, असं नसतंच. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, दूध काढणं ही कामं ती लहानपणापासून करत असते. तिच्यापाशी नसतं ते नाव, पत आणि वेळ. एकल स्त्रियांच्या उपजीविकेचे जे प्रयोग टिकले, ते या तिन्हींपैकी कशाला तरी हात घालणारे होते. नुसतं कौशल्य शिकवणारे बहुतेक प्रयोग फोटोपुरते उरले.

शिलाई मशीनचंच पाहा. विधवांना मदत म्हटलं की पुढाऱ्यांच्या, मंडळांच्या आणि कंपन्यांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा शिलाई मशीन येतं. स्टेजवर हार घातलेली मशीनं ओळीनं मांडलेली असतात, वाटपाची बातमी छापून येते. मग हजार-दीड हजार वस्तीच्या गावात दहा-बारा मशीनं होतात आणि ब्लाऊज शिवून घेणाऱ्या बायका होत्या तेवढ्याच राहतात. शिवाय कपडे तयार घ्यायची सवय आता गावातही रुळली आहे. तालुक्याच्या गावी, शाळेच्या गणवेशाचं काम हाताशी असेल, तर मशीन पोट भरतं. एरवी ते कोपऱ्यात कापड घालून झाकलेलं दिसतं. दोष बाईचा नसतो. मशीन देणाऱ्यानं बाजार पाहिलेलाच नसतो.

तेव्हा सुरुवात कागदापासून करावी लागते, आणि हा भाग जितका रूक्ष तितकाच निर्णायक आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. नवऱ्यानं मृत्युपत्र केलं नसेल तर विधवा, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस ठरतात आणि सर्वांचा हिस्सा सारखा असतो. मिळालेल्या हिश्श्याची बाई पूर्ण मालक असते; पुढे तिनं दुसरं लग्न केलं तरी तो हिस्सा परत जात नाही. कायदा एवढा सरळ आहे. गावातली वाट वाकडी आहे. मृत्यूचा दाखला घेऊन तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वारस नोंदीचा अर्ज करायचा. मग वारसांची चौकशी होऊन गाव नमुना ६-क मध्ये नोंद, त्यावरून फेरफार, हितसंबंधितांना नोटीस, आणि कोणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. या साखळीत एखादा दीर हरकत घेतो, एखादा सासरा 'घाई काय आहे' म्हणतो, आणि अर्ज पडून राहतो. पूर्वी आणखी एक युक्ती सर्रास चाले. वारस म्हणून मुलाचं नाव कब्जेदाराच्या सदरी आणि आई-बहिणींची नावं 'इतर हक्क' या रकान्यात. कागदावर बाई असते, पण कर्ज किंवा अनुदान घ्यायला ते असणं उपयोगी पडत नाही.

सगळ्यात अवघड स्थिती असते ती जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर असलेल्या घरात. जमीन वडिलोपार्जित असेल तर नवऱ्याचा तिच्यातला हिस्सा त्याच्या वारसांकडे येतोच. पण सासरे हयात असताना वाटणी मागणारी सून म्हणजे घर फोडणारी बाई. राहतं घर त्यांचं, मुलांवर माया त्यांची, आणि दावा लावायचा तोही त्यांच्यावरच. म्हणून पुष्कळ जणी हक्क माहीत असूनही गप्प बसतात. आला दिवस ढकलायचा तर त्या गप्प बसण्यात शहाणपणही असतं, हे शहरातून सल्ला देणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेलं बरं.

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नींचं काय झालं, हे पाहण्यासाठी महिला किसान अधिकार मंच म्हणजे 'मकाम'नं २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत ५०५ स्त्रियांची पाहणी केली. नवरा कसत असलेल्या जमिनीवर ४० टक्के स्त्रियांना अजून हक्क मिळालेला नव्हता. राहतं घर नावावर झालेल्या ३५ टक्केच होत्या. आपल्याला पेन्शन मिळू शकते हेच ३३ टक्के स्त्रियांना ठाऊक नव्हतं. या घरांमध्ये अधिकारी, पत्रकार, पुढारी सगळे येऊन गेलेले असतात; तरीही ही अवस्था. सरकारी मदत एक लाखाची, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. तीही प्रकरण 'पात्र' ठरलं तर. जमीन कुटुंबाच्या नावावर, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं, आणि त्याच्या वसुलीचा तगादा, अशा निकषांवर पात्रता ठरते. बिनपरवाना सावकाराच्या चिठ्ठीवर पैसे घेतलेला, दुसऱ्याची जमीन मक्त्यानं कसणारा शेतकरी मेला, तर त्याची बायको 'अपात्र'. मकामसारख्या संघटनांच्या पाठपुराव्यानंतर जून २०१९ मध्ये महसूल विभागानं शासन निर्णय काढला आणि या स्त्रियांना वारस नोंद, रेशन, पेन्शन, मुलांचं शिक्षण यांत मदत करण्याच्या सूचना यंत्रणेला दिल्या. २०२५ मध्ये राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली. सातबाऱ्यावरची मयत खातेदारांची नावं काढून वारसांची नावं लावण्याची. ज्या गावात एखादी चळवळी बाई कागद घेऊन तलाठ्याच्या दारात उभी राहते, तिथे अशा मोहिमांचं काम पुढे सरकतं.

खरं तर नाव लावायचं ते नवरा जिवंत असतानाच. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी हे १९८० च्या दशकाच्या अखेरीलाच ओळखलं होतं. 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक देऊन त्यांनी शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर स्वखुशीनं जमीन करून द्यायला सांगितलं. ज्या गावात शंभर जणींच्या नावावर जमीन होईल, ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचं नाव त्यात आजही घेतलं जातं. पुढे १९९२ मध्ये राज्य सरकारनं याच नावानं योजना काढून पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावायची सोय केली, आणि २००३ मध्ये गावठाणातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावे करण्याचा निर्णय झाला. दोन्ही निर्णय कमी खर्चाचे, आणि दोन्ही गावोगाव अर्धवट राहिलेले.

जमीन नावावर झाली म्हणजे शेती होते असं नाही. पेरणीच्या वेळी औत किंवा ट्रॅक्टर भाड्यानं घ्यायचा, तर एकट्या बाईचा नंबर शेवटी लागतो. ओल निघून गेल्यावर पेरलेलं उगवतं तरी कसं! शेतीपंपाची वीज पाळीनं येते, आणि रात्रीची पाळी आली की विहिरीवर जायचं कोणी? साप, रानडुक्कर, आणि गावातली जीभ, तिन्हींची भीती सारखीच. कापूस विकायला गेलं तर व्यापारी वजनात आणि भावात मारतो. मग दोन-तीन हंगाम तोटा सोसून ती जमीन बटईनं नाहीतर मक्त्यानं देऊन टाकते आणि स्वतः दुसऱ्याच्या रानात रोजानं निंदायला जाते. जमिनीची मालकीण आणि शेतमजूर एकाच अंगात. ही परिस्थिती बदलायची तर पिकाचा पसारा आणि कष्टाची वेळ या दोन्हींचा फेरविचार लागतो.

मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं जे 'एक एकर मॉडेल' रुजवलं, त्याचं मोल इथे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात पुनर्बांधणीच्या कामात बायकांचे गट उभे करणाऱ्या प्रेमा गोपालन यांची ही संस्था. कल्पना अशी की सगळी जमीन मागायची नाही. घरच्यांकडून अर्धा-एक एकर तुकडा बाईनं स्वतःच्या निर्णयासाठी मागून घ्यायचा आणि त्यात ऊस किंवा सोयाबीन लावायचं नाही. ज्वारी, मूग, उडीद, तूर, पालेभाज्या, फळभाज्या असं मिश्र पीक घ्यायचं. खत घरचं, शेणाचं आणि गांडुळांचं. एवढं रान एक बाई औताशिवाय किंवा थोड्या मदतीनं सांभाळू शकते. दुष्काळात एक पीक गेलं तरी दुसरं हाताशी राहतं. आधी घरात खायला होतं आणि उरलेलं आठवडी बाजारात जातं. नगदी पिकाचे पैसे वर्षातून एकदा येतात, आणि येतात त्याच दिवशी देणेकरीही येतात. भाजीचे पैसे दर आठवड्याला, थोडे-थोडे आणि बाईच्या हातात येतात. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या कामाला मिळाला. घरात एका शब्दाचंही भांडण न होता जमिनीचा निर्णय बाईकडे येणं, ही या प्रयोगातली खरी चतुराई. सासऱ्यांपुढे हक्काचा दावा न मांडता 'एवढा तुकडा मी करून बघते' असं म्हणता येतं.

दुसरी वाट गटशेतीची. केरळात कुटुंबश्री या बचतगटांच्या जाळ्यातल्या बायका गटानं जमीन भाड्यानं घेऊन कसतात. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी या गटांचा अभ्यास केला तेव्हा त्यांचं हेक्टरी उत्पादन मूल्य वैयक्तिक शेतांच्या सुमारे १.८ पट निघालं. ती वैयक्तिक शेतं बहुतेक पुरुषांची होती. तेलंगणातल्या गटांना मात्र उत्पादनात तशी आघाडी घेता आली नाही. केरळच्या गटांमागे बँकेचं कर्ज, प्रशिक्षण आणि पंचायत उभी होती, हा फरक लहान नाही. एकट्या बाईला गटात जे मिळतं ते उत्पादनाच्या आकड्यापलीकडचंही असतं. रात्रीच्या पाळीला पाच जणी मिळून पाणी धरायला जाऊ शकतात.

आता शेळीचं. शिलाई मशीनच्या खालोखाल वाटली जाते ती शेळी, पण तिचा हिशेब बराच खरा आहे. उस्मानाबादी शेळी पाच महिन्यांत विते, दोन वर्षांत साधारण तीन वेत देते आणि जुळी करडं ही तिच्यात नवलाई नाही. बोकड बकरी-ईदेच्या सुमाराला चांगल्या दामानं जातो. अडीनडीला शेळी विकून दवाखाना भागतो. अडचण येते ती सरकारी गणिताची. राज्याच्या योजनेत एक गट म्हणजे १० शेळ्या आणि १ बोकड. दिवसभर रोजंदारीला जाणारी एकटी बाई ११ जनावरं चारणार कधी, आणि स्वहिश्श्याचे पैसे आणणार कुठून? दोन शेळ्यांनी सुरुवात करणारी बाई टिकते. मर पडली तर सगळं बुडतं, म्हणून लसीकरण हवं. पीपीआर आणि आंत्रविषाराची लस वेळेवर टोचली, जंताचं औषध पाजलं, की करडांची मरतूक उतरते. 'उमेद' अभियानानं गावातल्याच बायकांना पशुसखी म्हणून शिकवून तयार केलं, त्याचा फायदा इथे दिसतो. जनावरांचा डॉक्टर तालुक्याला असतो, पशुसखी चार घरं सोडून असते. आणि त्यातल्या पुष्कळ जणींसाठी पशुसखीपण हाच जोडीचा मिळकतीचा धंदा झाला आहे.

पत मिळवण्याचा प्रश्न मात्र शेळीनं सुटत नाही. पत म्हणजे इथे उधार मिळण्याची लायकी. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडला, १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली तिच्यामागची हकीकत बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा यांनी अनेक व्यासपीठांवर सांगितली आहे. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी ताडपत्री घेण्यासाठी पैसे साठवायचे होते आणि रक्कम फार लहान म्हणून कोणतीही बँक तिचं खातं उघडेना. मग बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तकांच्या सह्यांच्या जागी अंगठे होते. बायका अक्षरं गिरवायला बसल्या, काही महिन्यांनी परत गेल्या, आणि व्याजाचा तोंडी हिशेब तुमच्या अधिकाऱ्यांच्या आधी आम्ही करून दाखवतो, असं म्हणाल्या. परवाना मिळाला. ही बँक बाजारात, दारात जाऊन रोजची-आठवड्याची बचत गोळा करते. पासबुक घरी ठेवलं की शिल्लक नवऱ्याला कळते, अशी तक्रार बायकांनी केली तेव्हा त्यावरही उपाय शोधले गेले. एकल स्त्रीला लागते ती अशीच बँक. सोन्याचं तारण आणि पुरुष जामीन मागणारी बँक तिच्या कामाची नाही.

बचतगटातही ती मागे पडते, हे इथे सांगायला हवं. दर महिन्याला ठरलेली रक्कम भरणं, सभेला वेळेवर हजर राहणं, हप्ता चुकला की चार जणींसमोर मान खाली घालणं. ज्या घरात कमावणारं माणूस एकच आहे, तिथे एक आजारपण आलं की ती गटातून गळते. म्हणून राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानात काही विशेष गट दहाऐवजी पाच जणींचेही चालतात आणि अतिगरजू घरांसाठी जोखीमप्रवणता निधी ठेवलेला असतो. पण याच बायकांना मायक्रोफायनान्सवाले दारात येऊन कर्ज देतात, आणि आठवड्याचा हप्ता फेडायला दुसऱ्या कंपनीकडून कर्ज काढावं लागतं. उपजीविकेच्या नावाखाली दिलेलं कर्ज कितीदा किराणा आणि दवाखान्यात जातं, हे गावात कोणालाही विचारावं.

म्हणूनच पेन्शन हा उपजीविकेचा पाया म्हणून पाहायला हवा. संजय गांधी निराधार योजनेतून आता महिना १५०० रुपये मिळतात. कमावता गेला आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखाली असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार एकरकमी मिळतात. बालसंगोपन योजनेतून मुलामागे महिना २२५० रुपये मिळतात. मुलगा शाळेत राहावा यासाठी ही सगळ्यात उपयोगी मदत, आणि सगळ्यात कमी माहीत असलेली. निराधार योजनेची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा कित्येक वर्षं २१ हजारांवर अडकलेली राहिली. म्हणजे दिवसाला ५८ रुपयांच्या आत कमावणारी बाई निराधार. त्यापेक्षा जास्त कमावते असं खरं सांगितलं तर ती साधार! तहसीलमधला कारकूनही उत्पन्नाचा हा दाखला हसतच देतो. कोविडनंतर हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकारानं राज्यभर कार्यकर्त्यांनी कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी केली आणि तालुका पातळीवर 'वात्सल्य समिती'चं सरकारी पाऊलही २०२१ मध्ये पडलं. तालुक्यातल्या सगळ्या खात्यांचे अधिकारी एका टेबलाशी बसवले की पाच कार्यालयांचे हेलपाटे वाचतात, हे त्यातून दिसलं. एरवी रोज बुडवून तहसीलला जाणाऱ्या बाईची प्रत्येक खेपेला मजुरीही जाते आणि एसटीचं भाडंही.

पैशाचा आणि रूढीचा संबंध दिसतो त्याहून जवळचा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी त्यासाठी धडपड केली होती. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं थांबवायचं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव झाल्यानं सगळं बदललं असं कोणी म्हणत नाही. पण 'पांढऱ्या कपाळाची' म्हणून लग्नघरी, हळदीकुंकवाला, बारशाला न बोलावलेली बाई बाजाराच्या ओळखीतूनही तुटते. पापड-लोणची विकायची, जेवणावळीचं काम मिळवायचं, बांगड्यांचं दुकान घालायचं, तर ओळखी याच कार्यक्रमांतून होतात. अशुभ मानली गेलेली बाई रुखवताच्या ऑर्डरी कुठून आणणार?

विधवेबद्दल निदान सहानुभूती असते, मृत्यूचा दाखला असतो. टाकलेल्या बाईकडे काहीच नसतं. नवरा जिवंत आहे, त्यानं दुसरं घर केलं आहे, घटस्फोट कोणी दिलेला नाही. तिचं नाव रेशनकार्डावर सासरच्या गावी, ती राहते माहेरी भावाच्या पडवीत. संगमनेरला १९८८ मध्ये परित्यक्तांची परिषद झाली तेव्हा निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न पहिल्यांदा चव्हाट्यावर मांडला. स्वतंत्र रेशनकार्ड ही तेव्हापासूनची साधी मागणी आहे. राजस्थानात १९९९ मध्ये सुरू झालेल्या एकल नारी शक्ती संघटनेनं, आणि मराठवाड्यात कोरो संस्थेच्या साथीनं वाढलेल्या एकल महिला संघटनेनं विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, अविवाहित असा भेद न करता सगळ्यांना एकत्र आणलं, ते याच कारणानं. एखाद्या गावात दिरानं जमिनीवर नांगर घातला, तर आजूबाजूच्या गावांतल्या दहा-वीस जणी त्या बांधावर जाऊन उभ्या राहतात आणि मग तहसीलदारही फोन उचलतो. जिवंत सातबारा मोहिमेत मात्र परित्यक्तेला जागा नाही, कारण तिच्या नवऱ्याचं नाव सातबाऱ्यावर जिवंतच आहे. तिला पोटगीसाठी न्यायालयात जावं लागतं, तारखेला जायचं म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडतो, आणि पोटगीचा हुकूम झाला तरी ऊसतोडीला कुठल्याशा कारखान्यावर गेलेल्या नवऱ्याकडून ती वसूल कशी करायची, याचं उत्तर अजून कुठल्याच शासन निर्णयात सापडत नाही.